शनिवारची लेखनिक

नववीत आमच्या शाळेनं ठरवलं की प्रत्येकानं वर्षभर अभ्यासाबाहेरचं काहीतरी करायलाच हवं. मी आधी थ्रोबॉलला नाव दिलं आणि राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून राहिले. मग बँडमधला ढोल गळ्यात अडकवला. तो चालताना गुडघ्यांवर आपटायचा आणि माझा ठोका नेहमी इतरांच्या मागून पडायचा. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर एक मिस वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "अंधशाळेतल्या दहावीच्या मुलींना परीक्षेसाठी लेखनिक हवेत. त्या सांगतील ते उत्तर लिहायचं. लिहिणारी एक वर्ग खालची असावी लागते. कोण येतंय?"

मी हात वर केला. सेवेची वगैरे ओढ नव्हती, ढोलातून सुटका हवी होती.

माझ्या वाट्याला आलेली मुलगी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी होती, वाळूत गाडलेल्या देवळांच्या तलकाडच्या अलीकडच्या एका खेड्यातली. मी तिला अक्का म्हणायला लागले. शनिवारी शाळा अर्धाच दिवस असायची. अग्रहार भागातल्या आमच्या घरी येऊन जेवायचे आणि चालत तिच्या वसतिगृहाकडे जायचे. व्हरांड्यातल्या बाकावर बसून आम्ही जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायचो. मी प्रश्न वाचायचे, ती कन्नडमधून उत्तर सांगायची, मी लिहायचे. पहिल्याच शनिवारी तिनं मला अडवलं.

"असं वाचू नकोस. तुझ्या आवाजावरून उत्तर कळतंय. दोनदा वाच, पण सपाट वाच. आणि मी चुकले तर चुकलेलंच लिही. उद्या पर्यवेक्षकानं पकडलं तर माझा पेपर जाईल."

मला ते फार आवडलं. तोवर माझ्यावर कुणी एवढ्या गंभीरपणे काही सोपवलं नव्हतं. आई डब्यात दोघींपुरती कोडबळी, म्हणजे तांदळाच्या पिठाची तळलेली कडी, द्यायची. अक्का बोटानं आधी कड्याचा गोल चाचपायची, मग खायची. गावाकडच्या वाळूबद्दल सांगायची: देवळात जाताना पाय किती खोल जातो त्यावरून तिला आपण कुठं आहोत ते समजायचं म्हणे. मी म्हटलं, मी तिथं सहलीला गेले होते, मला फक्त पाय भाजल्याचं आठवतं. त्यावर ती खूप हसली.

एकदा मी तिला एक गोष्ट सांगितली, जी वर्गातही कुणाला माहीत नव्हती. आमच्या घरी मराठी बोलतात, म्हणजे निम्मी मराठी आणि निम्मी कन्नड. बाहेर माझं कन्नड ऐकून कुणाला शंकाही येत नाही. पण लिहिताना मी ऱ्हस्व-दीर्घात गडबडते आणि अक्षराखाली लटकणारी जोडाक्षरं तर हमखास चुकते. सहावीत कन्नडच्या वहीतलं लाल शाईनं भरलेलं पान मी फाडून फेकून दिलं होतं.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "मी सांगते की तुला." तेव्हापासून ती अवघड शब्द अक्षर-अक्षर फोडून सांगायची. एकेक शब्द मी तिच्यासमोर चार-चारदा लिहिला.

जानेवारीत थ्रोबॉलच्या संघातली एक मुलगी शाळा सोडून गेली आणि सरांनी मला तिची जागा देऊ केली. सामने शनिवारी असणार होते. मी नको म्हटलं. घरी बाबा म्हणाले, "तेव्हा नुसती बाकावर बसलीस आणि आता नको?" मी म्हटलं, "अक्काची परीक्षा आहे."

परीक्षेआधीच्या शेवटच्या शनिवारी आम्ही कन्नडचा पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवला. ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. "सोमवारी भेटू," म्हणाली.

सोमवारी बाबांनी मला स्कूटरवरून केंद्रावर सोडलं. शिक्का मारलेलं परवानगीपत्र मी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं. तिची खोली सापडली. ती बसली होती, आणि तिच्या शेजारी वेगळ्याच शाळेच्या गणवेशातली एक मुलगी पेनाचं टोपण उघडून तयार होती.

मिसनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. "तुला राखीवमध्ये ठेवलंय. महिन्यापूर्वीच बदललं ते."

"मला कुणीच नाही सांगितलं."

"तीच म्हणाली होती, मी सांगते म्हणून." मिस घड्याळाकडे पाहत होत्या. "तसं राखीवही लागतंच गं. बस त्या खोलीत."

तीन तास मी एका रिकाम्या वर्गात बसले. कुणी बोलावलं नाही. पेपर सुटल्यावर मी व्हरांड्यात तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. बोलायच्या आतच तिनं मला ओळखलं.

"रागावलीस?"

"का बदललंस?"

"तुझं कन्नड कच्चं आहे, तूच सांगितलंस. वॉर्डनबाईंना मी ते बोलले. त्या म्हणाल्या, शुद्धलेखनाचे गुण जातील, कन्नड माध्यमातली मुलगी घे. मला गुण हवेत गं. गावी परत नाही जायचं मला."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू यायची थांबली असतीस. ती नवी मुलगी सरावाला येऊ शकत नव्हती. मला शेवटपर्यंत सराव हवा होता."

बोलता बोलता तिनं सवयीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, जिन्यावरून उतरायला. मी तो हात काढला आणि एकटीच खाली उतरले. अर्ध्या जिन्यात मला ती माझं नाव घेताना ऐकू आली. मी थांबले नाही. ते बरोबर नव्हतं, हे तेव्हाही कळत होतं.

घरी आई म्हणाली, "बिडु गं, जाऊ दे. तिलापण तिचं बघायचंच असतं की." जाऊ दे म्हणून जात नव्हतं.

समाजशास्त्राच्या पेपरला त्या दुसऱ्या मुलीला ताप आला आणि सकाळी सातला मिसचा फोन आला. मी गेले. प्रश्न दोनदा, सपाट वाचले. ती सांगेल ते लिहिलं. एका उत्तरात तिनं दोन राजांची अदलाबदल केली. त्या दोघांचा क्रम मी वसतिगृहाच्या बाकावर तिच्याकडून पाच वेळा ऐकला होता. माझं पेन थांबलं. तिनंही ते थांबणं ऐकलं असणार, कारण तिनं विचारलं, "काय गं?" "काही नाही, लिहितेय," मी म्हटलं आणि चुकलेलंच लिहिलं. मी नियम पाळला की सूड घेतला, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. पेपर संपल्यावर तिनं थँक्स म्हटलं. मी उत्तरपत्रिका पर्यवेक्षकांकडे दिली आणि निघाले.

ती पहिल्या श्रेणीत पास झाली, असं मिसकडून कळलं. शाळा सुरू झाल्यावर प्रार्थनेच्या वेळी मला सेवेचं प्रमाणपत्र मिळालं. मिसनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, माझ्या पाठीवर हात फिरवला. महिनाभर त्यांनाही ठाऊक होतं, आणि त्याबद्दल त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. तिच्यापेक्षा मला त्यांचंच जास्त लागलं, असं आता वाटतं. तिला निदान गरज होती.

मागच्या महिन्यात तिचा व्हॉइस मेसेज आला. नंबर कुठून मिळवला, माहीत नाही. ती बी.ए. करतेय, वसतिगृह बदललंय, नव्या ठिकाणी जेवण बरं आहे, मी कशी आहे? आवाज अगदी तसाच, आनंदी. पेपरबद्दल काही नव्हतं. मी तो तीनदा ऐकला. उत्तर अजून दिलेलं नाही.