पुजलेली दांडी

चांदे गावच्या कैलासला स्वस्थ बसणं ठाऊक नाही. हिंजवडीच्या गर्दीत कंपनीची कॅब चालवून चालवून त्याला अशी सवय लागलीय, की घरातसुद्धा कुणी वाटेत उभं राहिलं तर याचा अंगठा हॉर्न शोधतो. त्यात आज दसरा, कॅबला सुट्टी. दुपारपासून घरातून अंगणात, अंगणातून घरात नुसत्या येरझाऱ्या.

कारण दिशा. त्याची एकुलती एक पोरगी, एकोणीस वर्षांची. विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्थेची निवड-चाचणी परवावर आलेली. पडद्यावरचं विमान हातातल्या दांडीनं नीट उडवून दाखवायचं. तशी एक दांडी वरच्या खोलीतला भाडेकरू सुधीर बंगळुरूला जाताना तिला देऊन गेला होता. महिनाभर दिशा त्या दांडीवरच हात बसवत होती, आणि आज ऐन वेळी कॉम्प्युटरनं दांडीला ओळखच दाखवली नाही.

दिशानं वायर काढून पुन्हा लावली. दुसऱ्या जागी लावली, तिसऱ्या जागी लावली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मैत्रिणीला विचारून कसलंसं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. पडद्यावर आपलं तेच: कंट्रोलर जोडलेला नाही.

"सुधीरनं बिघडलेलीच गळ्यात मारली आसंल," कैलास दारातून गुरगुरला.

"महिनाभर चालत व्हती की!" त्याची बायको रेश्मा म्हणाली. "आन् तुमी आदी एका जागी बसा बरं. माझं डोकं गरगराया लागलंय."

तो बसला नाही. बसणार कसा? दांडी बंद पडल्याचं ऐकलं तेव्हा त्याला आतून बरं वाटलं होतं, आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती. निवड झाली तर पोरगी परमुलखात जाणार, आणि तिथून आभाळात. रस्त्यावर काही झालं तर गाडी बाजूला तरी घेता येते. वर कुठं बाजूला घेणार? हे त्यानं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. गावभर मात्र पोरीचं कौतुक सांगत हिंडला होता.

शेवटी तो झेंडूचा हार घातलेल्या कॅबमध्ये जाऊन बसला. मोबाइल चार्जिंगला लावला, तर वायर आतच जाईना. वाकून पाहिलं. भोकात कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा. सकाळी पूजेत यानंच मूठभर अक्षता उधळल्या होत्या. हारातली टाचणी काढून त्यानं दाणा उकरला, आणि तसाच थांबला.

सकाळी कॅब, विळा, मिक्सर यांच्याबरोबर त्यानं ती दांडीही पुजली होती. गाडीला कुंकू लावायचं तर बॉनेटला, विळ्याला लावायचं तर पात्याला. दांडीचं तोंड कुठलं ते कळेना, म्हणून त्यानं वायरीच्या टोकालाच ओलं हळदकुंकू लावलं आणि वर अक्षता चिकटवल्या. दिशानं नंतर ते वरवर ओढणीनं पुसलं होतं. आत कोण बघतंय!

कैलास टाचणी हातात धरून बसून राहिला. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? सवय मोडली, हात चुकला, निवड झाली नाही. पोरगी चार दिवस रडेल आणि मग इथंच कुठंतरी नोकरीला लागेल. संध्याकाळी घरी येईल. विचार मनात आला आणि त्याला गाडीत बसवेना.

तो घरात आला. दिशा पडद्यापुढं खुर्चीत ताठ बसली होती. स्वयंपाकघरातलं लाटणं तिनं मांडीवर उभं धरलं होतं, आणि डोळे मिटून ते हळूहळू डावीकडं, उजवीकडं कलवत होती. ओठ पुटपुटत होते. बाप आल्याचं तिला कळलंसुद्धा नाही.

कैलासनं टेबलावरची वायर उचलली, टाचणीनं आतला दाणा काढला, चिकटलेलं कुंकू खरवडलं आणि वायर खोचली. खट्‌कन आत बसली. दांडीवरचा निळा दिवा लागला.

दिशानं डोळे उघडले. "पप्पा! काय केलं तुमी?"

"माजीच अक्षता आडाकली व्हती." त्यानं तळहातावरचा दाणा दाखवला. "मगाशीच कळलं मला. पर आलो न्हाई लगीच."

"का?"

"तू जाशील म्हून."

दिशानं लाटणं बाजूला ठेवलं आणि त्याला शेजारी खुर्ची ओढून दिली. "बसा हितं. बघा तरी कशी चालिवती ते."

कैलास बसला. पडद्यावर लांबलचक धावपट्टी पुढून धावत यायला लागली. वेग वाढला. त्यानं खुर्चीची कड घट्ट पकडली.

"पप्पा," दिशा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "ब्रेकवरचा पाय काढा."

त्यानं खाली पाहिलं. त्याचा उजवा पाय फरशीत जीव खाऊन रुतलेला. त्यानं तो हळूच उचलला.