दादाच्या लॅपटॉपवरचं कुंकू

खंडेनवमीला आमच्या कोल्हापुरात कुणी हत्यारांची पूजा चुकवत नाही. शिरोलीच्या फौंड्रीत लेथ पुसून त्याला हार घालतात, शेतकरी विळा-खुरपं मांडतो. आमच्या घरी आई दादाचा लॅपटॉप पुजायची.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, शिरोलीत ड्रॉइंग काढायच्या कामाला. तो लॅपटॉप कारखान्यानं मोडीत काढलेला, पाटासारखा जड, जरा वेळ चालवला की मांडी भाजायची. त्यावर दादानं आईसाठी घराचा नकाशा काढला होता. भाड्याच्या दोन खोल्यांत धूर गिळत आलेल्या बाईला त्यानं पूर्वेच्या मोठ्या खिडकीचं सैपाकघर दिलं होतं. जागा बघायला सुरुवात केली आणि हायवेवर ट्रकनं त्याला उडवलं.

पुढं दर खंडेनवमीला आई लॅपटॉपला हळद-कुंकू वाहायची, मग मी तो चालू करून नकाशा उघडायचो. राखाडी पडद्यावरच्या रेघांवर ती बोट ठेवायची.

"ही माझी खिडकी न्हवं?"

"व्हय की," मी म्हणायचो. दरवर्षी एवढंच बोलणं व्हायचं.

तोवर मी राजारामपुरीत लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. मला काम शिकवणाऱ्या मिस्त्रींचा एकच नियम होता, "उघडून बघितल्याबिगार दोष सांगायचा न्हाय." मी तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचो.

एका खंडेनवमीला बटण दाबलं, तर साधा दिवासुद्धा लागला नाही. आईनं सकाळीच तो ओल्या फडक्यानं पुसला होता. कळांच्या फटींत कुंकू चिकटलं होतं. माझं डोकंच फिरलं.

"शंभरदा सांगितलंय, पाणी लावू नको म्हणून! तुझ्या कुंकवानं खाल्लं त्याला. संपलं आता!"

ती पदरानं कुंकू पुसायला लागली, तर मी लॅपटॉप हिसकावून घेतला आणि कपाटात टाकला.

उघडला मात्र नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायला अर्धा तास लागला असता. पण डिस्कही गेलेली निघाली असती तर दादा मला दुसऱ्यांदा गेला असता. मला भीती वाटत होती आणि मी तिला राग म्हणत होतो. आज बघू, उद्या बघू करत चार वर्षं गेली.

आईनं त्यानंतर विजेवरच्या कुठल्याच वस्तूला हात लावला नाही. मिक्सर सोडून पाटा-वरवंटा काढला, टीव्ही लावायलासुद्धा मला हाक मारायची. मी त्यावरनं तिची चेष्टाही केली. आज आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

शेवटच्या आजारात दवाखान्यात तिनं माझा हात धरला.

"लेका, त्येनं काढल्यालं घर माझ्या हातनं बुडालं रं."

"आता कशाला ते? झोप," मी म्हणालो. नाही आई, तसं नाही, असं म्हणालो नाही. मलाही ते खरंच वाटत होतं.

आईचं दिवसकार्य झाल्यावर एका दुपारी लॅपटॉप काढला आणि एकेक स्क्रू सोडवला. कुंकू कळांखालच्या पत्र्यावर वाळून बसलं होतं. पत्र्याच्या खाली एक ठिपकासुद्धा उतरला नव्हता. बोर्डाच्या कोपऱ्यात तारीख-वेळ सांभाळणारी छोटी बॅटरी असते, ती फुटून हिरवी पडली होती. तिच्या पाण्यानं तांब्याच्या रेघा खाल्ल्या होत्या. जुन्या मशीनमधली ती बॅटरी आधी काढून टाका, हे मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दादाच्या मशीनमधली मी कधी काढलीच नव्हती.

व्हिनेगरनं बोर्ड पुसला, तुटलेल्या रेघांना बारीक तारा जोडल्या. संध्याकाळच्या आत लॅपटॉप चालू झाला. नकाशा होता तसाच होता. सैपाकघर होतं, पूर्वेची खिडकी होती. मी तिच्यावर बोट ठेवलं.

"व्हय की," मी मोठ्यानं म्हणालो. विचारलं कुणीच नव्हतं.