काळ्या तोंडाच्या कुत्र्याचा फोटो

बाळांनो, परवा तुम्ही तुमच्या नव्या कुत्र्याचा फोटो पाठवलात. बर्फ छान आला आहे, लाल पट्टा छान आला आहे, आणि पट्ट्याच्या वर तोंडाच्या जागी एक काळं भोक आलं आहे. तुमची आई तो पाहून हसली असणार आणि का हसली ते तिने सांगितलं नसणार. म्हणून मी लिहिते. कुत्रा लहान आहे तोवर सांगितलेलं बरं.

तेव्हा घरोघरी मोबाइल नव्हते, फोटो रिळावर काढत. आम्ही ब्रह्मपुरीला राहायचो, मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. आमचा कुत्रा अंगाने तांबूस आणि तोंडाने कोळसा. तुमच्या आईने त्याला पिल्लू असताना बसस्टँडवरून उचलून आणलेलं. पुढे ती लग्न होऊन परदेशी गेली. तुमच्यातला थोरला पोटात होता, तेव्हा तिच्या मनाने घेतलं की कुत्रा मेला आहे आणि आम्ही ते लपवतो आहोत.

तिचंही चुकत नव्हतं. आपल्याकडे पोटुशी बाईला वाईट बातमी सांगत नाहीत. थोड्याच दिवसांपूर्वी तिची लाडकी आत्या वारली, तेव्हा आम्ही दर फोनवर "मजेत आहे" म्हणत राहिलो होतो आणि ते उघडकीला आलं होतं. आता कुत्र्याबद्दल "मजेत आहे" म्हटलं की पलीकडे रडणं सुरू व्हायचं. आजोबांनी कुत्र्याला फोनपाशी आणलं. तो रिसीव्हर चाटत बसला, भुंकेना. शेवटी आजोबाच भुंकले.

"बाबा, तुम्ही भुंकताय," ती म्हणाली आणि आणखीच रडली.

मग फोटो पाठवायचं ठरलं. मला सगळं व्यवस्थित लागतं. पासपोर्टच्या फोटोला असतो तसा मागे पडदा हवा म्हणून अंगणात दोरीवर पांढरीशुभ्र चादर लावली, पुढे कुत्रा बसवला. फोटो धुऊन आले तेव्हा चादरीची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. कुत्र्याची फक्त जीभ दिसत होती.

शेजारीण म्हणाली, "बाई, चादर बाजारात इकाची हाये का? कुत्र्याचं मुंडकं कुठी गेलं?"

स्टुडिओवाले भाऊ मुलींचे स्थळांना पाठवायचे फोटो उजळून द्यायचे. "कायले टेन्शन घेता बाई, उजळून देतो ना," असं म्हणून त्यांनी फोटो ठेवून घेतला. परत आला तेव्हा कुत्रा राखाडी झाला होता आणि त्याला बारीक, कोरलेल्या भुवया होत्या.

"भाऊ, याले का पोरगी पाहाले न्यायचं हाये?" आजोबांनी विचारलं.

"हाताले सवय लागली साहेब. पण रिश्ता आला त सांगजा."

माझा विरोध असतानाही आजोबांनी तोच फोटो पाठवला. पोचल्याबरोबर फोन आला. "हा कुणाचा कुत्रा आणून बसवलात? माझ्या कुत्र्याला भुवया नव्हत्या."

तेव्हा मी कॅमेऱ्याबरोबर मिळालेलं इंग्रजी पुस्तक उघडलं. आजोबांनी ते कधी खोक्याबाहेर काढलं नव्हतं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा काटा समोर जे जास्त पसरलं असेल त्याच्यावरून ठरवतो. त्याने चादर पाहिली, उजेड फार झाला असं समजून तो कमी घेतला, आणि कुत्र्याच्या वाट्याला काही उरलं नाही.

मग कुत्र्याला ओसरीच्या सावलीत, काळपट दाराशी बसवलं. चादर त्याच्या मागे नाही, तर पुढे अंगणात उन्हात अंथरली, म्हणजे तिच्यावरचा उजेड खालून तोंडावर पडतो. नुसतं तोंड मावेल इतक्या जवळ जाऊन काट्याचं माप घ्यायचं, त्याहून उजेड थोडा कमी घ्यायचा, कारण काळं काळंच दिसलं पाहिजे, आणि मग मागे सरून फोटो काढायचा. जवळ गेले की कुत्रा काच चाटायचा. मी पदराने पुसायचे. त्याने स्थिर बसावं म्हणून आजोबा माझ्यामागे भजं धरून उभे राहिले. मी बटण दाबलं त्याच क्षणी त्यांनी ते स्वतःच खाल्लं.

"काऊन खाल्लं तुम्ही?" मी ओरडले.

"थंडं होऊन राह्यलं होतं."

तो फोटो पोचल्यावर फोनवर तुमची आई आधी बराच वेळ हसत होती. फोटोत कुत्र्याचे दोन्ही डोळे विस्फारलेले, काळ्या तोंडावर घोर अपमान. "बाबांनी त्याच्यासमोर काहीतरी खाल्लंय ना? हाच माझा कुत्रा." मग म्हणाली, "आई, त्याच्या हनुवटीवर पांढरे केस आलेत गं."

आम्ही रोज त्याला जेवायला घालत होतो, आमच्या ते लक्षात आलं नव्हतं.

त्यानंतर तो दोन पावसाळे जगला. तो गेला त्याच दिवशी आम्ही तिला फोन करून सांगितलं. कॅमेरा आता चालत नाही. फोटो तुमच्या आईच्या कपाटात आहे, थोडा पिवळा पडला आहे. निगेटिव्ह माझ्याकडे आहे आणि चांगली आहे.