नर्सबाईंचा हात

“श्वास सोडा. सोडला ना? झालं मग.”

सुई टोचताना नर्सबाई एवढंच बोलायच्या. आपण श्वास सोडून पुन्हा घेईपर्यंत त्यांनी कापूस दाबलेला असायचा. धसईच्या आजूबाजूच्या पाड्यांवर तिशीच्या आतल्या कुणालाही विचारा, त्याला आयुष्यातली पहिली सुई त्यांनीच टोचलेली. डोंगराकडच्या उपकेंद्रात त्यांनी अख्खी नोकरी काढली. बदली आली की गावातल्या बायाच तालुक्याला जाऊन ती रद्द करून आणायच्या.

माझी आणि त्यांची ओळख मात्र त्या निवृत्त झाल्यावरची. मुरबाडला एसटी स्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केलेला, मी पुढे चालवला. एका दुपारी बाई मोबाइलमधला एक फोटो छापून घ्यायला आल्या. पांढरी साडी गेली होती, पण चालणं नर्सचंच होतं, कुठेतरी कुणीतरी वाट बघत असल्यासारखं. मी फोटो छापत होतो तोवर त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या.

भिंतीवर माझ्या कामाचे नमुने आहेत. नवरा-नवरी, फुलांचे हार, मागे धबधबा. ते त्यांनी पाहिले न पाहिल्यासारखे केले. कोपऱ्यात वडिलांनी काढलेला एक चौकोनी काळा-पांढरा फोटो आहे. भात झोडून थकलेली एक म्हातारी खळ्यावर बसलीय, एवढंच. बाई त्याच्यासमोरून हलेनात.

“भाऊ, हिच्या हाताची कातडी दिसते हो. ह्यो कंच्या कॅमेऱ्यावर काढलाय?”

मी सांगितलं. साध्या रोलपेक्षा दुप्पट रुंद रोल लागणारा, मोठी निगेटिव्ह देणारा जुना कॅमेरा. मीडियम फॉरमॅट म्हणतात. वडिलांकडे होता, दोन भिंगांचा, पोटाशी धरायचा.

“मग आता?”

“विकला. डिजिटल आलं तेव्हा.”

त्या पुन्हा भिंतीवरच्या म्हातारीकडे वळल्या. पण तुम्हाला माहीत असेल, काही माणसांचं पाठ फिरवणं लागतं.

मशीनमधून फोटो बाहेर आला तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिला. कुडाच्या घरात एक बाई मुलाला पाजत होती आणि दारातून येणारा उजेड तिच्या अर्ध्याच चेहऱ्यावर होता. मोबाइल साधाच. पण हा उजेड मोबाइलने पाहिला नव्हता, बाईंनी पाहिला होता. वडील मला म्हणायचे, “तुझा हात तयार झाला. नजर यायचीय अजून.” ते गेले, मी पन्नाशीला आलो, आणि ती नजर धसईच्या एका निवृत्त नर्सकडे निघाली. फोटो पाकिटात घालताना मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. त्याला मत्सर म्हणतात हे मी त्या दिवशी स्वतःशी कबूल केलं नाही.

महिन्याभरात त्या परत आल्या. त्यांना तसला कॅमेरा घ्यायचा होता. ज्या बायांची बाळंतपणं त्यांनी केली, त्यांचे फोटो काढायचे होते. “कोनाकडंच त्यांचा धड फोटो नाय भाऊ. असंल तर रेशनकार्डावरचा.” अट एकच होती, कॅमेऱ्याखाली तिपाई नको. हातात धरून काढता आला पाहिजे. “तिपाई ठोकली का बाया पदर सारखा करत्यात, तोंड धुऊन येत्यात. मग ती बाय ती ऱ्हातच नाय.”

निवड करायला त्यांनी मला सोबत नेलं. मुंबईत फोर्टकडे एका जिन्याखाली जुने कॅमेरे दुरुस्त करून विकणारे एक वयस्क गृहस्थ बसतात. त्यांनी काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले. एक मोठा, वजनदार, डोळ्याला लावायचा. दुसरा दोन भिंगांचा, थेट वडिलांच्या कॅमेऱ्यासारखा. चामड्याचा पट्टासुद्धा तसाच, कडेला घासून भुरा पडलेला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “हातात धरायला कंचा बरा?”

इथे मला खरं काय ते माहीत होतं. मोठ्या कॅमेऱ्याच्या पोटात आरसा असतो. बटण दाबलं की तो वर आपटतो आणि सगळा कॅमेरा हादरतो. भर उन्हात चालून जातं. पण पाड्यावरच्या अंधाऱ्या घरात शटर सावकाश ठेवावं लागतं, आणि तिथे तो हादरा फोटोत उतरतो. दोन भिंगांच्यात आपटणारा आरसाच नाही. तो पोटाशी दाबून धरला की माणूस हलला नाही तर फोटो हलत नाही.

“हा मोठा घ्या,” मी म्हटलं. “निगेटिव्ह आणखी मोठी मिळते.”

निगेटिव्हचं खरंच होतं. म्हणूनच तो खोटेपणा मला सोपा गेला. वडिलांसारखा कॅमेरा त्या बाईंच्या गळ्यात मला बघवला नसता. दुकानदारांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि ते गिऱ्हाइकाचं खोकं बांधायला लागले.

रोल धुवायचं काम माझ्याकडे आलं. रसायनं मी मागवली, वडिलांची टाकी माळ्यावरून काढली. पहिला रोल धुतला. अंगणातले फोटो ठीक होते. घरातले सगळे हललेले. कडा दुहेरी, डोळ्यांच्या जागी डाग. मी तो रोल चिमट्याला टांगला आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. त्या रात्री जेवण गोड लागलं.

दुसरा रोल तसाच. तिसराही. बाई काचेवर निगेटिव्ह धरून बराच वेळ बघायच्या. “सराव पायजे,” म्हणायच्या. मी म्हणायचो, “हो, सराव पाहिजे.”

चौथ्या रोलनंतर त्यांनी निगेटिव्ह बघितल्याच नाहीत. पाकीट पिशवीत टाकलं आणि बाकावर बसल्या.

“भाऊ, माझं हात गेलं.”

“असं काही नसतं.”

“नाय, गेलं. वय झालं ना. शेजारच्या म्हाताऱ्याला मी रोज इन्सुलिन टोचायची. कालपासून त्याच्या सुनेला शिकवाय लागले. तिला बोलली, आता मी नाय गो टोचणार. ज्या हातानं फोटो हलतो त्या हातानं सुई कशी धरू?”

हे त्या रडत बोलल्या असत्या तर मला सोपं झालं असतं. त्या नुसतं सांगत होत्या, एखादं औषध संपल्याचं सांगावं तसं. मग धसईची गाडी लागली आणि त्या उठल्या.

मी तेव्हाही बोललो नाही. गाडी सुटताना स्टुडिओच्या दारात उभा होतो. खिडकीत त्या आपले दोन्ही तळहात मांडीवर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओचं शटर वर न करता मी मोटरसायकल काढली. बाई ओटीवर भाजी निवडत होत्या. मी बसलो नाही. बसलो असतो तर इकडचं तिकडचं बोललो असतो.

“बाई, तुमचे हात ठीक आहेत. दोष त्या कॅमेऱ्याचा आहे. त्याचा आरसा आपटतो. घरातल्या उजेडात तो हातात धरून कुणाचाच फोटो स्थिर येणार नाही. माझाही नाही.”

त्यांनी भाजीचं ताट बाजूला ठेवलं. “हे तुमाला आता कळलं?”

“नाही. घेतानाच माहीत होतं.”

“मग?”

“मला तुमचा हेवा वाटला.”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नव्हे. ताप किती असेल ते हात न लावता ओळखायचं असावं, तसं. मग आत गेल्या. मला वाटलं, आता दार लावतील. त्या चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “जरा इथंच थांबा. म्हाताऱ्याचं इन्सुलिन ऱ्हायलंय.”

मी ओटीवर बसून राहिलो. शेजारच्या घरातून त्यांचा आवाज आला, “श्वास सोडा बाबा.” चहावर साय धरली, तरी मला तो पिता येईना.

परत येऊन त्यांनी एवढंच विचारलं, “तो पोटाशी धरायचा कॅमेरा अजून असंल का तिथं?”

होता. या वेळी मी तोंड बंद ठेवलं आणि निवड त्यांनी केली. पट्टा गळ्यात घालून त्यांनी कॅमेरा खाली ताणून पोटाशी दाबला, जिन्याखालच्या अंधारात उभ्या राहिल्या, श्वास सोडला आणि बटण दाबलं. टिचकी वाजावी एवढाच आवाज आला. वरच्या काचेत दिसणारं चित्र उलटं, डावं उजवीकडे जातं. त्याला सवय लागते, असं दुकानदार सांगत होते. बाईंचं लक्ष दुसरीकडेच होतं.

“यात बघाया मान खाली घालाय लागते,” त्या म्हणाल्या. “बरंय. बायांकडं डोळा रोखाय नको.”

मी वडिलांचा तो कॅमेरा कितीतरी वर्षं हाताळला होता. हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

माझ्या कबुलीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. माझ्यापाशी नाही, दुसऱ्या कुणापाशीही नाही. एखादं टोचून बोलल्या असत्या तर फिटल्यासारखं झालं असतं. एवढं सहज सोडून देता येतं, याचाही मला हेवा वाटला.

तुम्हाला वाटेल, कबूल केल्यावर मत्सर गेला असेल. तो गेला नाही. उलट आता त्याला चांगलं खायला मिळायला लागलं. एका रोलवर बारा फोटो. त्यातले चार-पाच असे यायचे की निगेटिव्ह धुताना माझे ओले हात थांबायचे. चुलीपुढची बाई. नातवाच्या केसात उवा बघणारी आजी. धसईच्या बाजारात वालाच्या पाटीपुढे बसल्या बसल्या डुलकी लागलेली एक कातकरीण. एकही हललेला नाही. त्या दर फोटोची एकच चौकोनी प्रत काढून घ्यायच्या आणि ज्या बाईचा फोटो तिला नेऊन द्यायच्या.

एकदा रोलमध्ये माझी आई निघाली.

बाई मुरबाडला आल्या की आईचं ब्लडप्रेशर बघायला घरी जायच्या. आईचे पुढचे दात पडल्यापासून तिने माझ्या कॅमेऱ्यासमोर ओठ कधी उघडले नव्हते. माझ्याकडे तिचे पन्नासेक फोटो असतील. सगळ्यांत ती बँकेच्या रांगेत उभी असल्यासारखी. आणि या फोटोत ती मागच्या पडवीत वाल सोलत होती, मान मागे टाकून, बोळकं उघडं टाकून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईल इतकी.

मी फोटो घरी नेला. “आये, हा कवा काढू दिलास?”

तिने तो लांब धरून बघितला. “मला काय म्हाईत. तू आये इकडं बघ, आये तिकडं बघ बोलतोस. ती काय बोललीच नाय. सासूच्या गोष्टी सांगत बसली आपली.”

मग तिने फोटो पदराने पुसला आणि देवाच्या फळीवर ठेवला. माझी आई, माझं घर, माझा धंदा. आणि तिचं हसू धसईच्या बाई घेऊन गेल्या होत्या. दोन दिवस मी बाईंचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच नवीन रोल घेऊन दारात उभ्या, “बरं नव्हतं काय भाऊ?” मी म्हटलं, “हो, जरा कणकण होती.” त्यांनी कपाळाला हात लावून बघितला आणि रोल माझ्या हातात दिला.

गेल्या माघात त्या गेल्या. आजार फार दिवसांचा नव्हता. पाड्यांवरच्या बाया चालत आल्या होत्या, ओट्यापासून रस्त्यापर्यंत नुसत्या बाया. मी कडेला उभा होतो. कुणीतरी मला फोटो काढायला सांगितलं. मी कॅमेरा नेला नव्हता.

आठवड्याने त्यांची मुलगी स्टुडिओत आली. ती खर्डीला दिलेली, तिथेच अंगणवाडीत काम करते. दिवसकार्यासाठी आईचा एक चांगला फोटो हवा होता.

“घरात नुसती तिनं काढलेल्या निगेटिव्हची पाकिटं हायेत,” ती म्हणाली. “तिचा फोटो एक नाय. तुमच्याकडं तर असतीलच, दादा. तुमी येवढी वर्षं बरोबर काम केलंत.”

मी कॉम्प्युटर उघडला. तिच्यासमोर सगळ्या फायली बघितल्या, मग ती चहाला गेली तेव्हा पुन्हा बघितल्या. एवढ्या वर्षांत त्या शेकडो वेळा त्या बाकावर बसल्या असतील. दुपारचा उजेड समोरच्या काचेतून थेट तिथे पडतो. मी एकदाही कॅमेरा त्यांच्याकडे वळवला नव्हता. विसरलो म्हणायला जीभ रेटत नाही.

सापडला तो पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला पासपोर्ट फोटो. निळा पडदा, ताठ मान, मिटायला आलेले डोळे. त्या दिवशी मी घाईत होतो, की घाईत असल्याचं दाखवत होतो, कोण जाणे. दुसरा काढतो, थांबा, एवढंही म्हणालो नव्हतो.

त्याचाच मोठा करून फ्रेम लावून दिला. मुलगी फ्रेम हातात धरून बघत राहिली.

“आई अशी नव्हती दिसत,” ती म्हणाली.

“नाय,” मी म्हटलं. “नव्हती दिसत.”