आखाजी आणि इटलीची मोटार

माझ्या मुलाला कसलाही नाद नाही, असं सासूबाई चारचौघींत मोठ्या अभिमानानं सांगायच्या. विडी नाही, तमाशा नाही, पत्ते नाहीत. सगळं खरं. ह्यांना नाद होता तो इंजिनाचा, आणि तो भर ओसरीवर, माझ्या डोळ्यांदेखत चालायचा.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. माझं लग्न होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. शहाद्यात आमचं घर, कपाशीची शेती, गोठ्यात बैल. गावातल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे इटलीहून आलेली मोटार होती. तिचं इंजिन जाम झालं आणि ती त्याच्या वखारीत धूळ खात पडली. ह्यांनी ती घेतली आणि आमच्याच बैलांकडून ओढवत घरी आणली. अंगणातल्या निंबाच्या फांदीवरून मोटेचा नाडा टाकला, एक टोक इंजिनाला, दुसरं बैलांच्या जुवाला. बैल पुढे चालले आणि विहिरीतून मोट वर यावी तसं ते इंजिन मोटारीतून वर आलं. मग ते ओसरीवर येऊन बसलं ते बसलंच.

त्याचं हाड न् हाड सुटं केलं ह्यांनी. बाजारपेठेतल्या एका मिस्तरीकडे बसून काय शिकायचं ते शिकून यायचे आणि घरी येऊन करायचे. सगळ्यात आधी माझी पितळी परात गेली, पिस्टन धुवायला. मग तेल गाळायला माझी चाळणी. धुतलेला एकेक पिस्टन पुसून, जुन्या मऊ लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे, धूळ बसू नये म्हणून. त्या हिवाळ्यात मला ताप आला होता. माझ्या अंगावर गोधडी घालायला सासूबाई उठल्या. हे व्हॉल्व्ह घासत बसले होते, दोन्ही तळव्यांत दांडी धरून, ताक घुसळल्यासारखे.

"सवत ऊनी व माय तुले," सासूबाई हसून म्हणायच्या. मला मेलं हसू यायचं नाही. मी जळत होते. सवत असती तर तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या. हिचं काय धरायचं?

तरी हे सगळं मी गिळलं, कारण पुढे आखाजी होती. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, आमच्या खानदेशात सासुरवाशिणीचा सण. दिवाळीला नाही गेली तर चालेल, आखाजीला लेक माहेरी गेलीच पाहिजे. झाडाझाडाला झोके, गौराईची गाणी, आमरस, सांजोऱ्या, आणि डोक्यावरचा पदर पडला तरी कुणी काही म्हणायचं नाही. माझं माहेर सारंगखेडा, तसं जवळच. पण माझी जिवाची मैत्रीण सुरतेकडे दिलेली होती. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती आखाजीला येणार होती, दोनच दिवस. मला तिला भेटायचं होतं. त्या वर्षी मला दुसरं काहीही नको होतं.

भाऊ गाडी घेऊन न्यायला आला. माझं बोचकं बांधून तयार होतं.

"दाजी, बहीणले लेवाले ऊनू," तो म्हणाला. "माय वाट दखी ऱ्हायनी."

ह्यांनी इंजिनावरून मानसुद्धा वर केली नाही. "गाडी माघारी लई जा. तुन्ही बहीणले मी मोटारमा बठाडीसन लई ईसू."

"पण दाजी, आखाजी तोंडवर ऊनी."

"मोटार तैय्यारच शे."

जावयापुढे भावाचं काय चालणार? चहा पिऊन रिकामी गाडी घेऊन गेला. मी बोचकं सोडलं नाही. तसंच दाराआड ठेवलं.

मोटार कुठली तयार! बेअरिंगं बसायची राहिली होती. इंजिनाच्या दांड्याला काहीतरी काळं फासायचं, बेअरिंगात फिरवायचा, जिथं काळं उमटेल तेवढाच धातू खरवडायचा, पुन्हा फासायचं. ह्या फासण्यासाठी हे घरात आले आणि फळीवरची माझी काजळाची डबी उचलली.

"ते मन्हा डोयानं काजय शे," मी म्हटलं.

"तू दुसरं पाडी ले. इले बारीकच लागस."

दुसरं पाडलं नाही मी. त्या आखाजीला डोळे तसेच ठेवले.

आणि वर आणखी काय, तर मला माहेरी न्यायला ह्यांना बैलगाडी चालली नाही, आणि नणंदेला आणायला मात्र आमचे बैल जुंपले. तिचं माहेर ना आमचं घर! ती आली, निंबाला झोका बांधला, भावाच्या मोटारीचं कौतुक करत उंच उंच झोके घेतले. मी सांजोऱ्या तळत होते. गल्लीतल्या पोरी गात होत्या आणि ओसरीवरून खर्र खर्र खरवडण्याचा आवाज येत होता. मला दोन्ही ऐकवेनात.

आखाजी होऊन गेली, बैल जुंपून इंजिन पुन्हा मोटारीत उतरवलं आणि मग ते फुरफुरलं. सगळ्यांच्या आधी हे स्वतःच दचकले. मग असे हसले की तसं हसू मी त्यांच्या तोंडावर आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "चाल, बठ!" मला म्हणाले. बोचकं तयारच होतं.

सारंगखेड्याच्या वेशीत शिरलो तर पोरं-बाप्ये सगळे मागे धावत. चिंचेखाली झोक्याचे दोर सोडून गुंडाळून ठेवलेले. भावानं दारातच सांगितलं, माझी मैत्रीण आदल्या दिवशीच गेली, जाताना दोनदा विचारून गेली. मी खाली उतरून उभी राहिले. आई घरातून दृष्ट काढायला भाकरतुकडा आणि पाणी घेऊन आली. मी पदर सावरला, मान वाकवली. आई माझ्या शेजारून पुढे गेली आणि मोटारीवरून तुकडा ओवाळू लागली.

"माय, मी आठे शे," मी म्हटलं.

"तुले कोण दीट लावस व बाई? आख्खं गाव मोटारकडे दखी ऱ्हायनं."

तिनं तुकडा लांब फेकला आणि मोटारीच्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा उन्हानं आणि इंजिनानं चांगलाच तापलेला होता. तरी तिनं हात काढला नाही.