कचऱ्यात गेलेला कप

"आडनाव काय म्हणालीस?"

मी सांगितलं. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. डोळे बदलले. मी चहा पिऊन कप ट्रेमध्ये ठेवला होता. त्यांनी तो दोन बोटांनी उचलला आणि माझ्यादेखत कचऱ्याच्या डब्यात टाकला. चांगला चिनी मातीचा कप. फुटल्याचा आवाज आला. मग कामवालीला म्हणाल्या, "हिला यापुढं कागदाचा दे."

बाई कार्यक्रमाच्या आयोजक. इंदूरच्या जुन्या सरदार घराण्यातल्या. मी मल्हारगंजातल्या एका स्टुडिओची फोटोग्राफर, फोटो काढायला आलेली.

कार्यक्रम कसला? प्रदर्शन. अमेरिकेतल्या काळ्या फोटोग्राफरांनी काढलेले काळ्या खेळाडूंचे फोटो. माणसं कमी होती, म्हणून सकाळपासून मीच फ्रेमा टांगल्या होत्या. फोटोंखालची माहिती वाचत वाचत. देशासाठी मेडल आणलं, आणि गावी परतल्यावर हॉटेलात बसू दिलं नाही. विक्रम मोडला, पण टीम उतरली तिथं खोली नाही. फोटोग्राफरांचंही तेच. मॅचचे फोटो काढायला गेले, तर दारवान आत सोडेना. तरी असे फोटो काढले की घाम दिसतो, मानेची शीर दिसते. एका फोटोत धावणारी बाई होती. काळी, काटक, अगदी माझ्या मावशीसारखी. तिच्यापुढं मी बराच वेळ उभी राहिले. वाटलं, कोणीतरी आपलं भेटलं.

संध्याकाळी हॉल भरला. बाई माइकवर बोलल्या. "माणूस माणसाशी असं वागतो?" गळा भरून आला त्यांचा. टाळ्या. मी कॅमेरा डोळ्याला लावला. बोट दाबेना. आता नाही बोलले तर मरेन, असं वाटलं.

"माझा कप कचऱ्यात का टाकला?" मी विचारलं. मोठ्यानं.

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. बाई म्हणाल्या, "कुठला कप?"

मागून कोणी पुरुष इंदुरी ढंगात बोलला, "अरे भिया, माहौल खराब मत करो." माझ्या बाजूनं कोणीच उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओचे शेठ म्हणाले, "जाके सॉरी बोल दे. फिर आ जाना." मी कॅमेरा काउंटरवर ठेवला. त्यांचाच होता.

त्याला आता कितीतरी महिने झाले. दुसरे स्टुडिओवाले फोन उचलत नाहीत. आई सांवेर रोडच्या कारखान्यात पॅकिंगला उभी असते, पाय सुजवून घरी येते. काल म्हणाली, "बेटा, एक सॉरीच तर आहे. बोलून टाक, खतम कर."

रात्री मी तिचे पाय शेकते. वाटतं, जावं. हात जोडावेत. दोनदा चपला घातल्या मी. दोनदा काढल्या.

नाही जाणार. आई, मी कारखान्यात तुझ्या शेजारी उभी राहीन. खोके भरीन. पण मी माफी मागितली तर बाईंनी केलं ते बरोबर होतं, असं माझ्याच तोंडून निघेल. ते माझ्या तोंडून निघणार नाही.