अमोनिया घरचाच निघाला

जीव मुळात कशापासून घडला, हा प्रश्न तुम्ही कधी शेगडीवर टोप ठेवून सोडवलाय का? मी सोडवला. आमची आळी रिकामी झाली.

सुरुवातीच्या पृथ्वीवर कुणी मंत्र म्हटला नव्हता. अमोनिया, पाणी आणि कार्बनचे साधे पदार्थ मिसळले आणि अमिनो आम्लांच्या आधीची संयुगं आपोआप तयार झाली असावीत, असं पत्रक मी वाटलं. (पत्रकं मी जेवणापेक्षा नियमित काढतो.) शेजारचे जनार्दनकाका म्हणाले, "आपोआप? करून दाखव!"

मग काय! कल्हईचा उरलेला नवसागर, आईचा पापडखार (आई पापडांच्या पेणची, तो डबा म्हणजे तिचा देव्हारा!), पाणी, मंद आच. दोन्ही खार तापून अमोनिया सुटला की गुळाचं पाणी घालायचं. टोप चढवला आणि गूळ आणायला दुकानात गेलो.

परत येतो तो सगळी आळी रस्त्यावर! नाकाला पदर, डोळ्यांना पाणी.

"कंपनीनं गॅस सोडला!" काका ओरडत होते.

रोह्यात रसायनांच्या कंपनीतून येणाऱ्या वासाच्या तक्रारी मी दोन वर्षं करतोय. कंपनीचे साहेब दरवेळी म्हणत, "वास असेल तेव्हा बोलवा." आज वास होता! खरं ठरायची हीच संधी. मी साहेबांना फोन लावला आणि ओट्यावर चढून भाषण ठोकलं.

"अरे, तुझा टोप..." आई म्हणाली.

"आई, इथं माणसांचे जीव चाललेत, नि तुला टोप सुचतो!"

साहेब आले. त्यांनी हुंगलं आणि सरळ आमच्या घराकडे चालू लागले. आळी मागोमाग! स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी शेगडी बंद केली, खिडकी उघडली.

"काय शिजतंय?"

"जीव," मी म्हणालो. "म्हणजे... त्याच्या बराच आधीचं."

"व्हय साहेब," आई म्हणाली, "शिजतं याच्या डोक्यात, नि जळतात माझे टोप!"

आळी हसून लोळली. आईने सगळ्यांना पोह्याचे पापड तळून घातले. साहेब तिसरा पापड मोडत प्रेमानं म्हणाले, "यापुढे तुमचा फोन आला, की आधी तुमचंच स्वयंपाकघर बघणार!"

दोन वर्षांची तक्रार पापडासारखी मोडली. तक्रारीतला शब्द मात्र मी मागे घेणार नाही. आळीत वास अजूनही येतो, आणि तो आमच्या घरातला नसतो! म्हणून रोहेकरांना कळकळीची विनंती: वास आला की तक्रार कराच. फक्त अर्जावर माझी सही घेऊ नका.